सव्वा वर्ष पगार नाकारणारी पलटण

मागच्या वर्षी दोन महिने बॉस्टनला भाचीकडे राहिले होते. तिथं स्टेट हाऊसची सोनेरी घुमटाची इमारत आहे, तिच्या बरोब्बर समोर रस्ता ओलांडला की कॉमन नावाचं मोठं मैदान सुरू होतं आणि त्या मैदानाच्या तोंडाशीच ब्राँझचं एक भलंमोठं शिल्प आहे. मधोमध घोड्यावर एक कोवळा गोरा कर्नल, आणि त्याच्या मागेपुढे पायी चाललेले काळे सैनिक, खांद्यावर बंदुका, पाठीवर गुंडाळलेल्या घोंगड्या, आणि प्रत्येक चेहरा वेगळा. एक दाढीवाला प्रौढ माणूस, त्याच्या शेजारी अजून मिसरूडसुद्धा नीट न फुटलेला पोरगा. मी बराच वेळ नुसते चेहरेच बघत उभी होते. मग भाची म्हणाली, मावशी, आता मागच्या बाजूला चल.

मागे दगडावर नावं कोरलेली आहेत. लढाईत पडलेल्या गोऱ्या ऑफिसरांची नावं शिल्प उभं राहिलं तेव्हाच कोरली गेली, १८९७ साली. आणि त्यांच्याबरोबर त्याच वाळूत मेलेल्या काळ्या शिपायांची नावं? ती कोरली १९८२ साली. ८५ वर्षांनी. तोवर समोर चेहरे होते आणि मागे नावं नव्हती, आणि ते चेहरेही त्या शिपायांचे नाहीत, शिल्पकार सेंट-गॉडन्सने नंतर मॉडेल म्हणून बसवलेल्या दुसऱ्याच काळ्या माणसांचे आहेत.

तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाही. ही ५४ वी मॅसॅच्युसेट्स पलटण, अमेरिकेच्या यादवी युद्धातली (गुलामी राखणारी दक्षिणेतली राज्यं विरुद्ध उत्तरेचं केंद्र सरकार) काळ्या स्वयंसेवकांची सगळ्यात नावाजलेली पलटण, तिच्याबद्दल जिथं जिथं वाचलं तिथं एकाच संध्याकाळचं वर्णन, किल्ल्यावरचा हल्ला, झेंडा, बलिदान. १९८९ साली हॉलिवूडचा सिनेमा आला तोही त्याच संध्याकाळी संपतो. माझं म्हणणं असं आहे की या लोकांचं मरण जगाने नीट लक्षात ठेवलं आणि त्यांचं मागणं मात्र जवळजवळ विसरून टाकलं, आणि हा विसर साधासुधा नाही, त्याने आजही नुकसान होतंय. ते कसं हे जरा सविस्तर सांगते.

पहिली गोष्ट म्हणजे ही माणसं होती कोण. बऱ्याच जणांचा समज असा की दक्षिणेतून पळून आलेले गुलाम जमवून पलटण केली, सिनेमा बघूनही तसंच वाटतं. तसं नव्हतं. थोडे होते तसे, पण बहुतेक जण उत्तरेत जन्मलेले, जन्मापासून मुक्त. १८६१ ला युद्ध पेटलं तेव्हा काळ्या माणसांनी भरतीसाठी रांगा लावल्या होत्या पण उत्तरेच्या सरकारला ते नको होते, हे गोऱ्यांचं युद्ध आहे असं त्यांना तोंडावर सांगितलं गेलं. १ जानेवारी १८६३ ला लिंकनचा मुक्तीचा जाहीरनामा निघाला त्यात काळ्यांना फौजेत घेता येईल असं कलम होतं, आणि मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर जॉन अँड्र्यू याने त्याच महिन्यात युद्धमंत्री स्टँटनकडून पलटण उभारायची परवानगी मिळवली. पण त्या राज्यात काळी वस्तीच इतकी कमी की हजार माणसं आणायची कुठून. मग जॉर्ज स्टर्न्स नावाच्या व्यापाऱ्याच्या कमिटीने पैसा उभा केला, फ्रेडरिक डग्लस, मार्टिन डिलेनी असे काळ्या समाजातले मोठे वक्ते गावोगाव फिरले, आणि माणसं आली पेनसिल्व्हेनियातून, ओहायोतून, न्यूयॉर्कहून, कॅनडातून, वेस्ट इंडीजमधून. शेतमजूर होते, खलाशी होते, न्हावी, वेटर, गाडीवान. डग्लसने स्वतःचे दोन मुलगे दिले, लुईस आणि चार्ल्स. डिलेनीचा मुलगा होता, त्याचं नावच तूसाँ लूव्हेर्त्यूर, हैतीच्या क्रांतीच्या पुढाऱ्यावरून ठेवलेलं. न्यू बेडफर्ड या बंदरातून विल्यम कार्नी आला, तो मात्र व्हर्जिनियात गुलामीत जन्मलेला. त्याच गावातून जेम्स हेन्री गुडिंग आला, देवमासे मारायच्या जहाजांवर काम केलेला, लिहायची आवड असलेला, जो पुढे छावणीतून गावच्या पेपरला नेमाने पत्रं पाठवायचा. याच्याबद्दल मी पुढे लिहिणार आहे, नाव लक्षात ठेवा.

आता बघा, ज्याच्या गळ्यात साखळी आहे तो ती तोडायला लढतो हे कुणालाही समजतं. पण जो ओहायोत मोकळा आहे, दुकान आहे, बायकोपोरं आहेत, तो कशाला गेला? आणि जाताना त्याला पक्कं माहीत होतं की आपण पकडलो गेलो तर युद्धकैदी म्हणून वागवणार नाहीत. दक्षिणेच्या काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, मे १८६३ मध्ये ठरावच केला होता की हातात सापडलेले काळे सैनिक राज्यांच्या ताब्यात द्यायचे, म्हणजे गुलामीत विक्री नाहीतर बंडखोर म्हणून फाशी, आणि त्यांच्या गोऱ्या ऑफिसरांनाही मृत्युदंड. हे सगळं ऐकून, वाचून ही माणसं आघाडीवर निघाली. त्यांना फक्त एक वचन दिलं होतं, की मॅसॅच्युसेट्सच्या बाकीच्या पलटणींना जे मिळतं तेच मिळेल, तेच कपडे, तीच शिधा, तोच महिना १३ डॉलर पगार. ऑफिसर मात्र सगळे गोरे असणार हे त्यांनी मान्य केलं होतं, कडू वाटलं तरी.

कर्नल म्हणून नेमला रॉबर्ट गूल्ड शॉ, वय वर्षं २५, बॉस्टनच्या श्रीमंत आणि गुलामीविरोधी घरातला. त्याने आधी नकार दिला होता आणि मग विचार बदलला, हे मला त्याच्याबद्दल आवडतं, कारण पहिल्या फटक्यात हो म्हणणारे पुष्कळ असतात. २८ मे १८६३ ला १,००७ सैनिक आणि ३७ ऑफिसर बॉस्टनच्या रस्त्यांवरून संचलन करत बंदरावर गेले, रस्ते माणसांनी फुललेले होते, आणि जहाजाने साऊथ कॅरोलायनाला निघाले.

तिथं पहिलं काम काय दिलं तर ११ जूनला जॉर्जियातलं डॅरियन नावाचं गाव लुटून जाळायचं. हुकूम दुसऱ्या एका कर्नलचा होता, गावात लढायला कुणी नव्हतंच, शॉला त्याची अतोनात लाज वाटली आणि तसं त्याने घरी लिहिलं. या पलटणीचं कौतुक करणाऱ्यांनी हे पान वगळू नये असं मला वाटतं.

आणि मग जून संपता संपता पगाराचा दिवस आला. सरकारने सांगितलं की १३ नाही, काळ्यांना १० डॉलर, आणि त्यातून कपड्यांचे ३ कापून घेणार. हातात ७. गोऱ्या शिपायाला पूर्ण १३ आणि कपड्यांचा भत्ता वेगळा. कारण काय तर १८६२ चा एक कायदा होता, तो खंदक खणायला, ओझी वाहायला ठेवलेल्या काळ्या मजुरांसाठी केलेला होता, त्याच दरात या सैनिकांना बसवलं. सार्जंट असो की साधा शिपाई, काळा असला की सात. पलटणीने पगार घ्यायला नकार दिला. एकानेही घेतला नाही. शॉने २ जुलैला गव्हर्नरला स्पष्ट लिहिलं की यांना एक तर पूर्ण पगार द्या नाहीतर सेवेतून मोकळं करा.

तारीख लक्षात घ्या, २ जुलै. किल्ल्यावरचा तो प्रसिद्ध हल्ला १८ जुलैचा. म्हणजे ज्या संध्याकाळची एवढी चित्रं काढली गेली त्या संध्याकाळी ही माणसं वाळूत पळत सुटली तेव्हा ती बिनपगारी होती, आणि पगार नाकारलेली होती. हे चित्रात कुठं दिसत नाही.

हल्ल्याबद्दल थोडक्यात सांगते कारण ते सगळीकडे वाचायला मिळतं. चार्ल्स्टन बंदराच्या तोंडाशी मॉरिस आयलंड, त्यावर फोर्ट वॅगनर, वाळूचा आणि ताडाच्या ओंडक्यांचा किल्ला. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला दलदल, मधून जायला अरुंद वाळूची पट्टी. दोनच दिवसांपूर्वी, १६ जुलैला, जेम्स आयलंडवर पलटण लढली होती आणि कनेक्टिकटची एक गोरी पलटण कापली जाण्यापासून त्यांनी वाचवली होती. त्यानंतर पाऊस, चिखल, रात्रीची पायपीट, धड जेवण नाही, झोप नाही, आणि तशा अवस्थेत आघाडीला घातलं. सुमारे ६०० जण गेले. २७२ जण मेले, जखमी झाले, पकडले गेले नाहीतर सापडलेच नाहीत. शॉ तटावर चढला आणि तिथंच मेला. झेंडेकरी पडला तेव्हा कार्नीने झेंडा उचलला, पाय, छाती, दंड सगळीकडे जखमा घेऊन तो माघारी आणला आणि म्हणाला की पोरांनो, झेंडा जमिनीला टेकू दिला नाही. किल्ला काही पडला नाही. दुसऱ्या दिवशी शॉला त्याच्या शिपायांबरोबर एकाच खड्ड्यात पुरलं, शत्रूला वाटलं की हा अपमान, आणि त्याच्या वडिलांनी कळवलं की देह तिथून काढू नका, आपल्या माणसांमध्ये पडलाय यापेक्षा योग्य जागा नाही.

पण त्याच आठवड्यातली दुसरी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १३ ते १६ जुलै न्यूयॉर्कमध्ये दंगल झाली, सक्तीच्या भरतीविरुद्ध. ३०० डॉलर भरले की सुटका असा नियम होता त्यामुळे गरीब गोरे भडकलेले, आणि राग काढला तो काळ्यांवर, दिव्यांच्या खांबांना माणसं लटकवली, काळ्या मुलांचं अनाथालय जाळलं. या ५४ व्या पलटणीत रॉबर्ट सिमन्स नावाचा सार्जंट होता, बर्म्युडाचा, हुशार आणि शिकलेला. त्याची आई आणि बहीण न्यूयॉर्कला. बहिणीचा सात वर्षांचा मुलगा त्या जमावाने मारला. आणि त्याच आठवड्यात सिमन्स वॅगनरवर जखमी होऊन पकडला गेला, चार्ल्स्टनच्या कैदेत त्याचा हात कापला आणि तो तिथंच मेला. हल्ल्याला निघायच्या आधी त्याने आईला पत्र लिहिलं होतं. ज्यांच्यावर सक्ती केली ते दंगल करत होते आणि जो आपणहून गेला त्याच्या घरातलं पोर मारलं जात होतं, या एका कुटुंबाच्या एका आठवड्यात अख्खं यादवी युद्ध आहे असं मला वाटतं.

आता लोक म्हणतात, आणि अभ्यासू लोकसुद्धा म्हणतात, की वॅगनर झालं म्हणून तर उत्तरेचं मत बदललं, काळा माणूस लढू शकतो हे पटलं, भरती वाढली, युद्ध संपेपर्यंत सुमारे १,७९,००० काळे सैनिक फौजेत आले. हे खरंय, मी नाकारत नाही. सुमारे ४०,००० त्यातले परत आले नाहीत, बहुतेक रोगराईने. पण मला विचारायचंय की पटवायची गरज कुणाला होती आणि का? ५४ व्या पलटणीतला माणूस मरून दाखवेपर्यंत त्याच्या माणूसपणावर शंका, आणि ओहायोच्या गोऱ्या शेतकऱ्याचा मुलगा पहिल्याच लढाईत बंदूक टाकून पळाला तरी त्याच्या नागरिकत्वावर शंका नाही. ही जी अट आहे ना, आधी रक्त दाखवा मग हक्क बघू, ती अट या लोकांनी स्वतः मान्य केली नव्हती. याचा पुरावा म्हणजे पगाराची लढाई.

कारण ती सव्वा वर्ष चालली. छावणीत पगार वाटायला अधिकारी यायचा, टेबल मांडायचा, आणि पलटण हात पुढे करायची नाही. पुन्हा यायचा, पुन्हा तेच. घरून पत्रं यायची की भाडं थकलंय, पोरं उपाशी आहेत. नोव्हेंबरमध्ये मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाने ठराव केला की वरचे पैसे आम्ही राज्याच्या तिजोरीतून देतो, तुमचे १३ पूर्ण होतील, चांगल्या मनाने केलेला ठराव होता. तोसुद्धा नाकारला! इथं मी वाचताना थांबले. हातात येणारी रक्कम तीच होती, १३ म्हणजे १३. पण ते म्हणाले की असं घेतलं तर जगाला वाटेल आम्ही पैशासाठी अडून बसलो होतो. आम्हाला भरती केलं ते केंद्र सरकारने, आमचा झेंडा त्यांचा, मग सैनिक म्हणून मोजायचं तेही त्यांनीच. आपल्याकडे समान काम समान वेतन हे शब्द मोर्चांच्या फलकांवर इतके वाचलेत आपण, पण युद्धाच्या ऐन मैदानात, उद्या जिवंत असू का माहीत नाही अशा अवस्थेत, त्यासाठी सव्वा वर्ष उपाशी घराकडे पाठ करून उभं राहणं याला काय म्हणायचं हे मला खरंच सुचत नाही.

२८ सप्टेंबर १८६३ ला कॉर्पोरल गुडिंगने थेट लिंकनला पत्र लिहिलं. मॉरिस आयलंडच्या छावणीतून. त्यात त्याने एकच प्रश्न विचारला, आम्ही सैनिक आहोत का मजूर आहोत? सैनिकाचं कर्तव्य आम्ही केलंय, मग सैनिकाचा पगार का नाही? आणि आपल्या माणसांबद्दल लिहिलं की ते आज्ञाधारक आहेत, सोशिक आहेत, भिंतीसारखे भक्कम आहेत, कमी काय आहे तर फक्त फिकट कातडी आणि अक्षरांची थोडी जास्त ओळख. विनवणी नाही, लाचारी नाही, राष्ट्राध्यक्षाला हिशोब विचारणारं पत्र. डग्लसही ऑगस्टमध्ये लिंकनला जाऊन भेटला होता, पगाराचंच बोलला, तेव्हा लिंकनने सांगितलं की काळ्यांना फौजेत घेणंच गोऱ्यांना रुचत नाहीये, कमी पगार ही त्यासाठी केलेली तडजोड आहे, पुढे मिळेल. पुढे म्हणजे कधी ते सांगितलं नाही.

सगळ्यांना एवढी सोय नव्हती. दुसऱ्या एका काळ्या पलटणीत, थर्ड साऊथ कॅरोलायनामध्ये, सार्जंट विल्यम वॉकर होता, माजी गुलाम. त्याने आपल्या कंपनीला घेऊन कमांडरच्या तंबूपुढे बंदुका ठेवल्या, की पगार देत नाही तर करार संपला. त्याला बंडखोर ठरवून २९ फेब्रुवारी १८६४ ला गोळ्या घातल्या. त्यावर गव्हर्नर अँड्र्यू जे म्हणाला ते मराठीत असं होईल, की सैनिक म्हणून पगार द्यायला ज्या सरकारला कायदा सापडला नाही त्याच सरकारला सैनिक म्हणून गोळी घालायला कायदा बरोबर सापडला. मॅसॅच्युसेट्सच्या पलटणीमागे निदान एक गव्हर्नर, दोन-चार वर्तमानपत्रं, ओळखीपाळखी होत्या. वॉकरमागे कुणीच नव्हतं. म्हणून ५४ वीचं कौतुक करताना वॉकरचं नाव घेतलंच पाहिजे, तो त्याच लढाईत मेला.

आणि पगार नाही म्हणून काम थांबवलं होतं का, तर नाही. २० फेब्रुवारी १८६४, फ्लोरिडात ओलस्टी इथं उत्तरेच्या फौजेचा दणदणीत पराभव झाला, पळापळ झाली, तेव्हा मागे राहून शत्रूला थोपवायचं काम या पलटणीने केलं. लढाईत शिरताना ते ओरडत गेले म्हणतात, मॅसॅच्युसेट्सचा जयजयकार आणि महिना सात डॉलर! आणि माघारी येताना कळलं की जखमींनी भरलेली रेल्वेगाडी मागे अडकलीये, इंजिन बंद पडलंय. थकलेली पलटण उलट फिरली, डब्यांना दोर बांधले आणि गाडी हातांनी ओढत काही मैल आणली. डोळ्यासमोर आणून बघा, अंधारलेलं पाइनचं जंगल, मागे शत्रू, आणि आठ-नऊ महिने एक दमडी न घेतलेली माणसं रुळांवरून जखमी सैनिकांचे डबे ओढतायत. मला विचाराल तर शिल्प याचं व्हायला हवं होतं. वॅगनरपेक्षा याचं.

शेवटी १५ जून १८६४ ला काँग्रेसने कायदा केला, समान पगाराचा. पण त्यातही मेख होती. भरतीच्या दिवसापासूनचा पूर्ण फरक फक्त त्यांना, जे १९ एप्रिल १८६१ रोजी मुक्त होते. म्हणजे एकाच रांगेत उभ्या असलेल्या दोघांपैकी जन्माने मुक्त त्याला पूर्ण आणि कार्नीसारखा कुणी गुलामीतून सुटलेला असला आणि त्या तारखेला कागदोपत्री गुलाम असला तर त्याला कमी. पलटण पुन्हा फुटायची वेळ. शॉनंतर कर्नल झालेला एडवर्ड हॅलोवेल हा फिलाडेल्फियाच्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या घरातला, त्याने एक शपथ तयार केली. प्रत्येक सैनिकाने हात वर करून म्हणायचं की १९ एप्रिल १८६१ रोजी किंवा त्याआधी मी कुणाही माणसाचं फुकट राबणं लागत नव्हतो, देवाशपथ. आणि ही शपथ माजी गुलामसुद्धा ताठ मानेने घेऊ शकत होता, कारण मालकाच्या वहीत काहीही लिहिलेलं असो, देवाच्या हिशोबात तो कुणाचं काही लागतच नव्हता. सगळ्यांनी घेतली. एकही मागे राहिला नाही. सप्टेंबरच्या शेवटाला पैसे आले, एकरकमी, पूर्ण १३ च्या हिशोबाने, आणि छावणीत नाचगाणी झाली. हे मी जेव्हा जेव्हा आठवते तेव्हा मला वाटतं की कायद्याच्या एका वाक्याला माणसांनी दिलेलं यापेक्षा सुंदर उत्तर मी वाचलेलं नाही.

डग्लसचं एक वाक्य फार प्रसिद्ध आहे, की काळ्या माणसाच्या अंगावर एकदा पितळेची यू एस अक्षरं चढू द्या, खांद्यावर बंदूक आणि खिशात गोळ्या येऊ द्या, मग त्याने नागरिकत्वाचा हक्क कमावलाय हे पृथ्वीवरची कुठलीही शक्ती नाकारू शकणार नाही. डग्लसबद्दल मला अपार आदर आहे, पोटची पोरं पाठवून तो बोलत होता, पण यातला 'कमावलाय' हा शब्द मला टोचतो, आणि दुसरं म्हणजे ती शक्ती होती, आणि तिने नाकारलं. स्टीफन स्वेल्स बघा, या पलटणीतला पहिला काळा ऑफिसर. गव्हर्नरने त्याला १८६४ च्या सुरुवातीला लेफ्टनंट केलं, युद्धखात्याने वर्षभर मान्यता दिली नाही, १८६५ च्या जानेवारीत दिली. युद्धानंतर तो साऊथ कॅरोलायनात राहिला, वकील झाला, राज्याच्या सिनेटवर निवडून आला, किंग्सट्री गावचा मेयर झाला, आणि मग गोऱ्या जमावाने त्याला जिवाची धमकी देऊन गावातून हाकललं. कार्नीला वॅगनरच्या झेंड्यासाठी मेडल ऑफ ऑनर, म्हणजे तिथलं शौर्याचं सर्वोच्च पदक, मिळालं ते १९०० साली, ३७ वर्षांनी. बॉस्टनच्या शिल्पाचं अनावरण ३१ मे १८९७ ला मोठ्या थाटात झालं, म्हातारा कार्नी झेंडा घेऊन उभा राहिला तेव्हा लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला म्हणे, आणि त्याच्या एकच वर्ष आधी, १८९६ ला, त्याच देशाच्या सुप्रीम कोर्टाने रेल्वेत काळ्यांना वेगळा डबा देणं घटनेला धरून आहे असा निकाल दिलेला होता. मेलेल्या काळ्या सैनिकाला टाळ्या आणि जिवंत काळ्या प्रवाशाला वेगळा डबा. म्हणून मी म्हणते की बलिदानाची आठवण जपणं सोपं असतं, मेलेला माणूस काही मागत नाही.

आपला इथं काय संबंध, असं कुणी विचारेल. संबंध आहे. महात्मा फुल्यांनी १८७३ साली गुलामगिरी हे पुस्तक अर्पण केलं ते अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, गुलामांना दास्यातून सोडवण्यासाठी त्यांनी जी निरपेक्षता दाखवली त्याबद्दल, आणि माझ्या देशबांधवांनी तो कित्ता गिरवावा अशी आशा धरून. हे युद्ध संपून तेव्हा फक्त आठ वर्षं झाली होती. पुण्यात बसून जोतीरावांनी हे हेरलं ही केवढी मोठी गोष्ट. पण ती अर्पणपत्रिका आज वाचताना मी त्या सदाचारी लोकांमध्ये सोडवणाऱ्यांबरोबर ही हजार माणसंही धरते, ज्यांनी कुणी सोडवायची वाट बघितली नाही. आणि पराक्रमाचा दाखला देऊन हक्क मागायची वेळ आपल्याकडेही आलीच की. कोरेगाव भीमाच्या स्तंभावर शिपायांची नावं आहेत, त्यातली २२ नावं शेवटी 'नाक' असलेली, म्हणजे महार शिपायांची. तिथं नावं पहिल्यापासून कोरलेली होती, बॉस्टनसारखी ८५ वर्षं लागली नाहीत. तरी काय झालं? १८९० च्या दशकात इंग्रजांनी महारांची भरती बंद केली, आणि १८९४ ला गोपाळबुवा वलंगकरांना, जे स्वतः पेन्शनर फौजी, अर्ज लिहावा लागला की आमच्या बापजाद्यांनी तुमच्यासाठी लढाया केल्यात हो. स्तंभावर नाव असूनही पुन्हा दाखला मागितला गेला. शौर्याचा दाखला कधीच पुरेसा होत नाही, कारण दाखला मागणाऱ्याला तो नकोच असतो, त्याला वेळ काढायचा असतो.

मग काय करायचं, स्मारकं नको का? हवीत. पण मला स्वतः सैनिकांनी काय केलं ते जास्त पटतं. वॅगनरनंतर शॉच्या स्मारकासाठी या पलटणीच्या सैनिकांनी आणि साऊथ कॅरोलायनातल्या ब्यूफर्ट गावच्या काळ्या लोकांनी वर्गणी गोळा केली, किल्ल्याजवळ उभारायचं म्हणून. ती जागा काही जमली नाही. मग त्या पैशातून चार्ल्स्टनमध्ये काळ्या मुलांसाठी शाळा निघाली, शॉच्या नावाची. बॉस्टनच्या शिल्पाचीही पहिली हाक दिली ती जोशुआ स्मिथ या काळ्या केटररने, जो कधीकाळी शॉच्या घरी कामाला होता. आधी कल्पना होती फक्त घोड्यावरच्या शॉची, आणि शॉच्या घरच्यांनीच सांगितलं की एकटा नको, त्याची माणसं दिसली पाहिजेत. चांगली माणसं होती ती. तरीसुद्धा नावं राहिली ती राहिलीच.

कार्नी म्हातारपणी त्या शिल्पासमोरच्या स्टेट हाऊसमध्येच निरोप्याचं काम करायचा. १९०८ साली तिथल्या लिफ्टमध्ये पाय अडकून जखमी झाला आणि त्यातच गेला. स्टेट हाऊसचा झेंडा त्या दिवशी अर्ध्यावर उतरवला होता.

मॉरिस आयलंडचा तो किल्ला आता नाही, समुद्राने किनारा खाल्ला, किल्ल्याची जागाच पाण्याखाली गेली. मला वाटतं बॉस्टनच्या त्या दगडावर जागा अजून आहे आणि तिथं पगाराबद्दल दोन ओळी यायला हव्यात. किती महिने घेतला नाही, का घेतला नाही, आणि हॅलोवेलची ती शपथ. शाळेच्या सहली तिथं येतात, मी गेले त्या दिवशीही आली होती, गाइड पोरांना हल्ला सांगत होता, पोरं घोड्याकडे बघत होती. त्यांना ही शपथ कळली तर ती जन्मभर लक्षात राहील असं मला फार मनापासून वाटतं.

मी त्या दिवशी नावांमध्ये गुडिंग शोधत होते. दोनदा बोट फिरवलं. भाचीने फोनवर बघून सांगितलं की मावशी, तो इथं नसणार, ही वॅगनरला मेलेल्यांची यादी आहे. गुडिंग ओलस्टीला जखमी होऊन पकडला गेला, जॉर्जियात अँडरसनव्हिलच्या कैद्यांच्या छावणीत ठेवला होता. समान पगाराचा कायदा १५ जूनला झाला. तो १९ जुलैला गेला. पैसे सप्टेंबरच्या शेवटाला आले.